लाल कापड आणि अर्धं खरं : सामोआतल्या गोवराच्या साथीचं प्रकरण

५ डिसेंबर २०१९. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या छोट्या बेटदेशातले रस्ते सकाळपासून ओस पडलेले. सरकारी कचेऱ्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर खासगी गाडी दिसत नाही. सरकारने दोन दिवस सगळा देशच थांबवला होता. लोकांना सांगणं एवढंच होतं: घरी थांबा, आणि घरात कुणाची लस राहिली असेल तर घरासमोर लाल कापड लावा. लसीकरणाची पथकं गावोगाव फिरत होती. लाल दिसलं की गाडी थांबायची.

तोवर गोवराने साठाहून जास्त माणसं गेली होती, आणि त्यातली बहुतेक पाच वर्षांच्या आतली पोरं होती. देशाची लोकसंख्या जेमतेम दोन लाख. साथ ओसरली तेव्हा नोंदलेले रुग्ण ५,७०७ आणि मृत्यू ८३. हाच हिशेब दहा लाखांच्या शहराला लावला तर चारशेहून जास्त मृत्यू होतात, तेही तीन-चार महिन्यांत.

गोवराची लस १९६३ पासून आहे. तिचे दोन डोस घेतलेल्या शंभरातल्या सुमारे ९७ जणांना संरक्षण मिळतं. असं असताना २०१९ साली एका देशात लहान मुलांच्या शवपेट्या कमी पडाव्यात, हे कसं झालं? तयार उत्तर असं की फेसबुकवर अफवा पसरल्या आणि लोक बहकले. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर या प्रकरणातून काहीच हाती लागत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सामोआतली भीती एका खऱ्या घटनेतून जन्मली. ती घटना लोकांपर्यंत अर्धीच पोचली. उरलेली अर्धी ज्यांनी सांगायची त्यांनी फार उशीर केला, आणि त्या रिकाम्या जागेत बाकीच्यांनी आपापलं सामान आणून ठेवलं.

दोन बाटल्या

एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस, तयार द्रवाच्या रूपात येत नाही. एका छोट्या व्हायलमध्ये, म्हणजे काचेच्या कुपीत, तळाशी कोरडी भुकटी असते. सोबत दुसरी बाटली असते डायल्युएंटची, म्हणजे निर्जंतुक पाण्याची. नर्स सिरिंजने ते पाणी ओढून घेते, भुकटीच्या व्हायलमध्ये सोडते, भुकटी विरघळली की तोच द्रव बाळाला टोचते. विरघळवलेली लस थंड ठेवावी लागते आणि सहा तासांनंतर टाकून द्यावी लागते. सगळं काम दोन-तीन मिनिटांचं. पण त्या दोन-तीन मिनिटांत एक गोष्ट कटाक्षाने पाहायची असते: हातात घेतलेली दुसरी बाटली पाण्याचीच आहे का?

६ जुलै २०१८ रोजी सावाईई बेटावरच्या साफोतू इथल्या रुग्णालयात ती पाण्याची नव्हती. ती होती भूल देताना स्नायू शिथिल करण्यासाठी वापरतात त्या औषधाची, आणि तीही मुदत संपलेली. हे औषध शरीरात गेलं की श्वास घेणारे स्नायू काम थांबवतात. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू असतो म्हणून ते वापरता येतं. लसीच्या खुर्चीत आईच्या मांडीवर बसलेल्या वर्षभराच्या बाळाला तो आधार नसतो. त्या दिवशी अशी दोन बाळं गेली, इंजेक्शननंतर काही मिनिटांतच.

ही चूक जगात पहिल्यांदा घडली नव्हती. सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियातल्या इदलिब भागात गोवराच्या लसीत पाण्याऐवजी अशाच जातीचं औषध, अ‍ॅट्राक्युरियम, मिसळलं गेलं आणि १५ मुलं दगावली. लसीच्या फ्रीजमध्ये दुसरं कोणतंही औषध ठेवू नये, हा नियम उगाच आलेला नाही. प्रत्येक नियमामागे अशी कुठली तरी लहान मुलं आहेत.

आता त्या आईच्या जागी उभं राहून पाहा. तिने बाळाला धडधाकट आणलं. सुई टोचली. बाळ गेलं. तिने पाहिलं ते शंभर टक्के खरं आहे. शेजारणीने ऐकलं तेही खरं आहे. ‘लस दिली आणि मूल गेलं’ या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. फक्त मारणारी वस्तू लस नव्हती, लसीत चुकून गेलेलं दुसरं औषध होतं, हे त्या वाक्यात नाही. सगळं प्रकरण या एका गाळलेल्या तपशिलावर उभं आहे.

दहा महिन्यांची शांतता

सरकारने एमएमआरचं लसीकरण थांबवलं. पहिल्या काही दिवसांसाठी हा निर्णय योग्यच होता. एकाच ठिकाणी दोन बाळं दगावल्यावर साठा सील करणं, व्हायल तपासायला पाठवणं, काम थांबवणं हे कुठेही करावंच लागेल. पण बंदी सुमारे दहा महिने राहिली. २०१९ च्या एप्रिलमध्ये लसीकरण परत सुरू झालं. दोन नर्सनी मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. बाटल्यांची अदलाबदल न्यायालयात मांडली गेली तोवर वर्ष उलटून गेलं होतं.

त्या वर्षात काय झालं ते आकड्यांत दिसतं. २०१३ च्या सुमारास सामोआत गोवराच्या पहिल्या डोसचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास होतं. नंतरच्या वर्षांत ते ६०-७० टक्क्यांच्या घरात आलं. म्हणजे घसरण आधीच सुरू झाली होती, हे विसरता कामा नये. सगळा दोष २०१८ च्या एका दिवसावर टाकता येत नाही. २०१८ साली मात्र ते एकदम ३१ ते ३४ टक्क्यांवर आलं. तीन बाळांपैकी दोन उघडी पडली.

गोवराच्या बाबतीत याचा अर्थ फार गंभीर होतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. संरक्षण नसलेल्या दहा जणांचा रुग्णाशी संपर्क आला तर नऊ जणांना लागण होते. एक रुग्ण साधारण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. म्हणून साथ रोखायला ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. ८० टक्के हा परीक्षेत उत्तम गुण असेल, पण गोवरासाठी तो उघडा दरवाजा आहे.

त्या दहा महिन्यांत सरकारचं म्हणणं थोडक्यात असं होतं: चौकशी चालू आहे. अधिकाऱ्याला हे उत्तर सुरक्षित वाटतं, कारण त्यात चूक काढता येत नाही. पण बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला त्यातून ऐकू येतं ते वेगळंच: सरकारलाही या लसीची खात्री नाही, नाहीतर बंद कशाला ठेवली असती? लस बंद ठेवणं हाच लोकांना मिळालेला सर्वांत मोठा संदेश होता. त्याच्यापुढे कुणाच्याही पोस्टची काय मातब्बरी!

पहिल्याच आठवड्यात काय सांगता आलं असतं, हे मी स्वतः मांडून पाहिलं. ते साधारण असं होतं: ‘साफोतूला दोन बाळं गेली. इंजेक्शननंतर लगेच गेली, हे खरं आहे. नेमकं कशाने, ते आम्हाला अजून ठाऊक नाही. वापरलेल्या बाटल्या जप्त करून तपासायला दिल्या आहेत. लसीत दुसरं काही मिसळलं गेलं का, हेही पाहत आहोत, कारण असं दुसऱ्या देशात घडलेलं आहे. याच लसीचे कोट्यवधी डोस जगभर दिले गेले आहेत आणि त्यांत असे तत्काळ मृत्यू होत नाहीत. दर सोमवारी आम्ही नवं काय कळलं ते सांगू, काही कळलं नसेल तर तेही सांगू.’ यात एकही गोष्ट लपवलेली नाही आणि एकही गोष्ट फुगवलेली नाही. एवढं बोलायला न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

रिकाम्या जागेत काय आलं

सामोआचे लोक फक्त सामोआत राहत नाहीत. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथे मोठ्या संख्येने सामोअन कुटुंबं आहेत आणि त्यांना घराशी बांधून ठेवणारा धागा म्हणजे फेसबुक. सामोआच्या राजधानीत, आपियात, राहणाऱ्या बहिणीला न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातल्या भावाची पोस्ट दिसते, त्याला अमेरिकेतल्या कुणाची. त्या वाटेवरून फोटो आणि शुभेच्छा जातात तशा शंकाही जातात.

आलेल्या शंकांतल्या बऱ्याच जुन्या होत्या. एमएमआरने ऑटिझम होतो हा दावा १९९८ चा. ब्रिटनमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १२ मुलांवरचा एक शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापला. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आलं. मार्च २०१९ मध्ये, म्हणजे सामोआतली साथ सुरू होण्याच्या काही महिने आधी, डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एमएमआर आणि ऑटिझम यांचा संबंध आढळला नाही. एका बाजूला १२ मुलं, दुसऱ्या बाजूला साडेसहा लाख. तरी १२ मुलांची गोष्ट आजही चालते. साडेसहा लाखांचा आकडा ऐकून डोळ्यांसमोर कुणी येत नाही, आणि १२ मुलांच्या गोष्टीत एक आई असते, एक वाढदिवस असतो, ‘त्या दिवसानंतर तो बोललाच नाही’ असं एक वाक्य असतं.

जून २०१९ मध्ये रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनियर, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांचे पुतणे, सामोआत आले. लसींवर सतत शंका घेणाऱ्या ‘चिल्ड्रन्स हेल्थ डिफेन्स’ या अमेरिकन संस्थेचे ते तेव्हा अध्यक्ष होते. ते पंतप्रधान तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओइ यांना भेटले आणि स्थानिक लसविरोधकांनाही भेटले. घाबरलेल्या लोकांना अशा भेटीतून काय मिळतं? मला वाटतं, पुराव्यापेक्षा प्रतिष्ठा मिळते. आपली शंका एवढ्या मोठ्या घराण्यातल्या माणसालाही आहे, म्हणजे ती वेडगळ नसणार, असा धीर.

मग साथ आली. २०१९ मध्ये न्यूझीलंडमध्ये गोवराचे दोन हजारांहून जास्त रुग्ण झाले, बहुतेक ऑकलंड परिसरात. ऑगस्टच्या सुमारास विषाणू विमानाने सामोआत पोचला. इथे इतिहासाचा एक संदर्भ आठवल्याशिवाय राहवत नाही. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून आलेलं ‘तालून’ नावाचं जहाज आपियाच्या बंदरात लागलं, त्यावर इन्फ्लुएन्झाचे रुग्ण होते, आणि न्यूझीलंडच्या तेव्हाच्या प्रशासनाने त्यांना उतरू दिलं. काही आठवड्यांत सामोआतली साधारण पाचव्या हिश्श्याची माणसं मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर बंद ठेवलं होतं, तिथे एकही मृत्यू झाला नाही. ज्या समाजाच्या आठवणीत हे आहे, त्याने सरकारी आरोग्यव्यवस्थेकडे थोडं संशयाने पाहिलं तर त्याला अडाणी म्हणणं हा अन्याय आहे.

१६ ऑक्टोबरला साथ जाहीर झाली. नोव्हेंबरच्या मध्यावर आणीबाणी आली, शाळा बंद झाल्या, मुलांना सार्वजनिक ठिकाणी न्यायला मनाई झाली, लस सक्तीची झाली. आणि इथून पुढे इंटरनेटवरचा वाद एका वेगळ्याच वळणाला लागला.

चार दावे, जवळून

पहिला दावा: लसीकरणाच्या मोहिमेनेच गोवर पसरवला. हा दावा करणारे सगळे खोटारडे नव्हते, हे मला आवर्जून सांगायचं आहे. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप यायला साधारण दहा दिवस आणि पुरळ उठायला दोन आठवडे लागतात. साथीच्या भरात लसीकरण चालू असताना असंख्य मुलांच्या शरीरात विषाणू आधीच शिरलेला असतो. असं मूल सोमवारी रांगेत उभं राहतं, लस घेतं, शुक्रवारी तापाने फणफणतं. लसीचं संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात, त्याला वेळच मिळालेला नसतो. आईला दिसतो तो क्रम एवढाच: सुई, मग ताप, मग पुरळ. तिची पोस्ट प्रामाणिक असते. शिवाय लसीनंतर आठवडाभराने काही मुलांना थोडा ताप येतो, थोड्यांना हलकं पुरळ उठतं, हेही खरं आहे.

याचं उत्तर प्रयोगशाळेत होतं. लसीतला विषाणू ‘ए’ जनुकीय प्रकारचा असतो. सामोआतल्या रुग्णांमध्ये सापडला तो ‘डी ८’, बाहेर फिरणारा रानटी विषाणू. म्हणजे लसीतला विषाणू पसरलाच नव्हता. तरीही १९ नोव्हेंबर २०१९ रोजी केनेडी यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून साथीमागे लसच असू शकते, असं सुचवलं. प्रश्नाच्या रूपातला आरोप कसा काम करतो, याचा हा नमुना आहे. पत्र म्हणतं, तपासा. वाचणारा म्हणतो, म्हणजे काहीतरी असणारच.

दुसरा दावा जीवनसत्त्वांचा. ‘अ’ जीवनसत्त्व द्या, ‘क’ जीवनसत्त्व द्या, मूल बरं होतं. यातही एक खरा दाणा आहे. गोवर झालेल्या मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. कमतरता असलेल्या मुलांमध्ये त्याने अंधत्वाचा आणि मृत्यूचा धोका घटतो. पण ते आजार झाल्यावरचं औषध आहे. आजार होऊच नये म्हणून ते चालत नाही, आणि न्यूमोनिया झालेल्या मुलाला ऑक्सिजनची गरज असते तेव्हा एकटं पुरतही नाही. ‘सोबत द्या’ हा सल्ला ‘त्याऐवजी द्या’ असा झाला, एवढाच फरक. पपईच्या पानांचा रस, यंत्रातून काढलेलं अल्कलाइन पाणी हे याच रांगेतले. अशा पाण्याच्या उपचाराला लोक तापलेली मुलं घेऊन जात होते आणि रुग्णालयात पोचायला उशीर होत होता. पारंपरिक वैदूंकडे आधी जाणारेही बरेच होते. त्यांच्याबद्दल मला राग नाही. वैदू घरी भेटतो, नाव घेऊन बोलतो, आणि त्याच्याकडे दोन बाळं दगावल्याची बातमी नव्हती.

तिसरा दावा: गोवर हा साधा बालरोग, आम्हालाही झाला होता, काय झालं? हे म्हणणारा जिवंत आहे म्हणूनच म्हणू शकतो. लस सर्वत्र पोचण्याआधी गोवराने जगात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसं मरत होती. ती असं काही म्हणायला मागे राहिली नाहीत. गोवर झालेल्या वीस मुलांत एकाला न्यूमोनिया होतो, हजारात साधारण एकाला मेंदूची सूज येते. आणि एक गोष्ट अजून फारशी बोलली जात नाही: गोवर आधीच्या आजारांविरुद्धची प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, त्यामुळे बरं झालेलं मूल पुढे बराच काळ इतर संसर्गांना सोपं सावज असतं.

चौथा दावा तपासाला सर्वांत सोपा होता: लस घेतली काय, न घेतली काय, गोवर येणारच. त्याच महिन्यांत तोच विषाणू टोंगात आणि फिजीतही गेला. टोंगात काही शे रुग्ण झाले, फिजीत मोजके. दोन्हीकडे मृत्यू एकही नाही. हवामान तसंच, समुद्र तोच, विमानं त्याच ऑकलंडहून येणारी. फरक लसीकरणात होता. टोंगात ते ९९ टक्क्यांच्या जवळ होतं. अभ्यास करायला ठरवून असा प्रयोग कुणी केला नसता, करूही नये. तो घडून गेला. मला राहूनराहून वाटतं की सगळ्या वादात हा एकच परिच्छेद सामोअन भाषेत, सामोअन माणसाच्या तोंडून, रोज सांगितला गेला असता तर त्याने बाकी खंडनांपेक्षा जास्त काम केलं असतं.

वाद कुणाशी घालायचा

ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा वेगाने आणि लांबवर गेल्या, आणि त्या नेणारी मुख्यतः माणसंच होती, यांत्रिक खाती नव्हेत. कारण उघड आहे. खोटी गोष्ट नवी असते, धक्का देते, आणि ती पुढे पाठवणाऱ्याला आपण कुणाला तरी वाचवतोय असं वाटतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. ‘मुलांना लस देऊ नका’ असं पाठवणारी मावशी दुष्ट नसते. ती भाचीच्या बाळावर माया करत असते.

यावर आपली प्रतिक्रिया काय असते? आकडे फेकणं, हसणं, ‘अशिक्षित’ म्हणणं. अमेरिकेतल्या १,७५९ पालकांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमएमआरबद्दलचे चार वेगवेगळे संदेश देऊन पाहिले. एकानेही लस देण्याची इच्छा वाढली नाही. ऑटिझमचं खंडन वाचून पालकांचा गैरसमज कमी झाला, पण आधीपासून सर्वांत नाखूश असलेल्यांची लस द्यायची तयारी उलट घटली. माहिती पोचली, विश्वास पोचला नाही. याचा अर्थ खंडन करू नये असा मी घेत नाही. खंडन कुणासाठी करतोय, हे ठरवून करावं, असा घेते.

कारण लसीच्या वादात तीन प्रकारची माणसं असतात आणि आपण त्यांना एकाच काठीने हाकतो. एक मूठभर प्रचारक, ज्यांचं नाव, मान किंवा धंदा या विरोधावर चालतो. त्यांचं मत बदलायला बसणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दुसरे, ज्यांच्या मनात शंका आहे आणि ती विचारायची लाज वाटते. तिसरे सर्वांत जास्त: न बोलता वाचणारे. प्रचारकाला दिलेलं उत्तर खरं तर या तिसऱ्यांसाठी असतं. ते बघत असतात की आकडे कुणाकडे आहेत, आणि त्याहून जास्त बघतात की चिडतंय कोण आणि शांतपणे ऐकतंय कोण. आपण एका आईला सगळ्यांसमोर मूर्ख ठरवलं, तर न बोलणाऱ्या पन्नास आया आपला प्रश्न गिळून दुसरीकडे जातात, जिथे त्यांना कुणीतरी ‘तुझी काळजी बरोबर आहे’ म्हणतं.

सामोआत आणीबाणीच्या काळात एका लसविरोधी कार्यकर्त्याला सरकारी आदेशाविरुद्ध चिथावणी दिल्याच्या आरोपाखाली अटक झाली. साथीच्या ऐन भरात, मुलं मरत असताना, ही कारवाई समजू शकते. पण लसीचा आकडा तिने वर गेला असं मला दिसत नाही. आकडा वर नेला तो लाल कापडाने. त्या योजनेत आईला केंद्रावर यायचं नव्हतं, रांग नव्हती, ज्या रुग्णालयाची भीती बसली होती तिथे जायचं नव्हतं. पथक दाराशी येत होतं, सगळं गाव लाल कापड लावत होतं, म्हणून ते लावण्यात कमीपणा नव्हता. शंका असली तरी दारात उभ्या नर्सला विचारता येत होती. आणि, हे कबूल करायला हवं, तोवर अनेक गावांनी दफन पाहिलं होतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडावर लसीकरण ९५ टक्क्यांच्या आसपास पोचलं आणि महिना संपता संपता आणीबाणी उठली. जे दीड वर्षात झालं नाही ते सहा आठवड्यांत झालं. लोक लसीच्या विरोधात मुळापासून असते तर हे झालं नसतं.

समाजमाध्यमं चालवणाऱ्या कंपन्यांच्या वाट्याचं थोडक्यात. मार्च २०१९ मध्येच फेसबुकने लसविरोधी खोट्या मजकुराची पोच कमी करू असं जाहीर केलं होतं. सामोआत आठ महिन्यांनी काय चालू होतं ते वर आलंच आहे. इंग्रजीतल्या पोस्टवर लक्ष ठेवणं आणि दोन लाख लोकांच्या भाषेतल्या गप्पांवर ठेवणं यांत फार अंतर आहे, आणि लहान भाषांच्या वाट्याला नेहमी उरलेलं येतं. या जागी सामोअन बोलणारी पंचवीस माणसं बसवली असती तर, असं मनात येऊन जातं.

साथीनंतर

डिसेंबर २०१९ मध्येच सामोआने कायदा बदलून शाळेत नाव घालताना लसीची नोंद बंधनकारक केली. आरोग्ययंत्रणेसाठी मला त्याहून मोलाची वाटते ती साधी शिस्त: लस आणि तिचं डायल्युएंट एकाच ठिकाणी, एकाच कंपनीचं, एकत्र मोजलेलं; त्या फ्रीजमध्ये दुसरी बाटली नाही; मिसळण्याआधी लेबल मोठ्याने वाचायचं. आणि अघटित घडलं तर पहिल्या दिवशी कोण बोलणार, कोणत्या भाषेत, हे आधीच ठरलेलं असायचं. ज्या देशात लसीकरणाचा कार्यक्रम आहे त्या प्रत्येक देशात हे दुसरं काम पहिल्याइतकंच तातडीचं आहे, कारण कोट्यवधी सुया टोचल्या जातात तिथे कधीतरी कुठेतरी चूक होणार, किंवा चूक नसताना योगायोगाने मूल दगावणार.

२०२५ च्या जानेवारीत केनेडी अमेरिकेचे आरोग्यमंत्री होण्यासाठी सिनेटसमोर सुनावणीला बसले, तेव्हा सामोआचा विषय निघाला. तिथे मेलेल्या बहुतेकांना गोवर नव्हताच, ते कशाने गेले हे ठाऊक नाही, असं ते म्हणाले. पाच वर्षांनी त्या ८३ जणांची गोष्ट पुन्हा अर्धी सांगितली जात होती. काही दिवसांतच सामोआच्या आरोग्यखात्याचे प्रमुख डॉ. अ‍ॅलेक एकेरोमा यांनी हे साफ खोटं असल्याचं जाहीरपणे सांगितलं. या वेळी उत्तर यायला दहा महिने लागले नाहीत.